ढाळ

बाबालालनं ट्रॉली उलटी घेतली गोठ्याच्या दारापर्यंत
आणि नाकाला लावायला रुमाल काढला.
वास नव्हताच.
नऊ वर्षांचं शेण वास कशाला ठेवील?
"अक्का, खत न्हवं हे, माती झालीया," म्हणाला,
रुमाल घडी करून परत खिशात.

वरचा थर खोऱ्यानं सहज निघाला,
शिळ्या भाकरीच्या पापुद्र्यासारखा.
कुणाच्या तरी शेळीच्या लेंड्या, एका पायाची चप्पल,
आढ्याच्या पाकोळ्यांनी सांडलेलं काहीबाही.
त्याखाली बोटभर जाडीची राखाडी रेघ,
चारी भिंतींना धरून एकसारखी.
महापुराचा गाळ.
आम्ही तेव्हा सोनतळीला, वरच्या प्लॉटवर.
चिखलीत नदी आली, गोठ्यात आठ दिवस बसली, गेली.
कडी तिनंही काढली नव्हती.

रेघेखाली मात्र कुदळ लागली.
खाली म्हशी होत्या.
म्हणजे, दाव्याचा न कुजलेला नायलॉन,
उसाच्या वाड्याच्या शिरा,
विम्याचा पिवळा बिल्ला, मोरणीच्या कानातला,
आणि हुमण्या, पांढऱ्या, गुबगुबीत,
सहाच्या आकड्यासारख्या वळलेल्या.
हौसाक्काच्या कोंबड्यांना कुणी सांगितलं कोण जाणे.
मागनं हौसाक्काही आली.
"हुमणीचं खत उसात घालू व्हय मी? फुकाट दे."
"फुकाट न्हाई."
"मग राहू दे तुझ्या उशाला."
गेली, आणि मागच्या परड्यातनं पाटी घेऊन परत आली.

मी तेव्हा डेअरीत डिग्री बघायची.
पहाटे साडेपाच, किटल्यांची रांग,
आबांची किटली सातवी.
काचेची नळी दुधात सोडली.
रोजच्या खुणेवर ती थांबली नाही,
खाली गेली.
चोवीस.
मागं माणसं होती.
मी चोवीस लिहिलं,
वर बघितलं नाही.
आबांनी किटली उचलली, झाकण दाबून बसवलं,
"बरं," म्हणाले,
जसं कुणी वेळ सांगितल्यावर म्हणतात.

सोमवारी वडगावच्या बाजारात दोन्ही म्हशी गेल्या.
गोठा लोटल्याशिवाय ज्यांच्या घशाखाली चहा उतरत नव्हता
त्यांनी त्या दिवसाचं शेणसुद्धा उचललं नाही.
नुसती कडी घातली.

पाणी कुणी घातलं होतं,
आबांनी, आईनं,
की संजूनं, ज्याला तेव्हा मोबाईल पाहिजे होता,
घरात कुणी कुणाला विचारलं नाही.
आबांच्या दिवसाला सगळे एका पंगतीला बसलो,
तेव्हाही वाढणारा फक्त "आमटी?" एवढंच विचारत होता.

तिसरी ट्रॉली भरली तेव्हा दुपार कलली होती.
कुदळ खणकन वाजली.
दगड.
हातानं माती सारली, मग खराट्यानं,
मग पदर खोचून गुडघ्यांवर बसून नखांनी, सांधा न् सांधा.
मोरणीच्या मागच्या खुरांच्या जागी
फरशीत दोन वाट्या झिजलेल्या,
चंद्रीच्या जागी एकच,
ती एक पाय कायम उचलून उभी राहायची.
हे मी विसरले होते.
विसरलेलं दगडात होतं.

बोअरची बादली भरून आणली
आणि गव्हाणीपाशी ओतली.
पाणी जरा थबकलं,
मग निघालं,
वाट्या भरत, सांध्यांतनं वाट काढत,
गवंड्याशी दोन दिवस भांडून आबांनी घ्यायला लावलेल्या ढाळावरनं
नालीत,
नालीतनं भिंतीच्या भोकात.
गाळानं ते बुजलं असेल असं धरून चालले होते मी.

बाबालालनं हॉर्न दिला. त्याला अंधाराच्या आत कागलला पोचायचं होतं.
मी दुसरी बादली घातली.

भिंतीपलीकडनं हौसाक्का ओरडली,
"कोण पाणी घालतंय गं?"

"मी," म्हटलं.